बासष्ट दारं

लुकोव्हो,
१४ ऑक्टोबर २००७

ती. झुम्राआत्यास शेम्साचा सलाम, वि. वि.

तू येसेनित्सेहून पाठवलेली पेटी ईदच्या आदल्या दिवशी पोचली. चॉकलेटं मशिदीच्या मक्तबात माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनी फस्त केली. गुडघ्याचं मलम बाबांनी कुणी पाठवलं ते न विचारता लावायला सुरुवात केली आणि मीही सांगितलं नाही. गुण येतोय म्हणतात.

माझं म्हणशील तर सध्या हात कायम डिंकाने बरबटलेले असतात. आमच्या मुख्य इमामांच्या कचेरीने यंदा सगळ्या गावांच्या मक्तबांचं प्रदर्शन ठेवलंय आणि विषय दिलाय हज. गेल्या वर्षी याच विषयाच्या तोंडी परीक्षेत माझ्या पोरांनी अशी सरमिसळ केली होती की त्यांचे हाजी अरफातच्या डोंगराला खडे मारून आले आणि सैतानापुढे दुआ मागत बसले. परीक्षकांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरले नाही. म्हणून या वेळी घोकंपट्टी बंद. एकोणीस मुलं आहेत, शनिवार-रविवार दोन-दोन तास मिळतात, तेव्हा सगळी यात्रा हातांनीच करायची असं ठरवलं.

काबा पुठ्ठ्याचा, वर काळ्या मखमलीचा तुकडा. सफा आणि मरवा या दोन टेकड्या कागदाच्या लगद्याच्या, मधे दोरी आणि दोरीवर सरकणारी हाजराची बाहुली. ती तहानलेल्या बाळाच्या पाण्यासाठी सात वेळा इकडून तिकडे धावते, तेव्हा पोरांना आता फेऱ्या मोजायला शिकवावं लागत नाही. अरफातवर हाजी म्हणून पांढऱ्या घेवड्याचे दाणे चिकटवलेत. मीनात सैतानाला मारायचे खडे नदीतून आणले, एकेकाने मोजून एकोणपन्नास.

सगळं ठीक चाललं होतं, आणि मी सांगितलं की यात्रा सुरू होते ती इहरामची पांढरी वस्त्रं नेसण्यापासून. त्यावर नेजिरा उठली. नऊ वर्षांची आहे, पण बोलायला लागली की माझीच परीक्षा घेते. म्हणाली, मॅडम चूक. तिची आजी हजला गेली तेव्हा आधी बारा दिवस गावातल्या प्रत्येक घरी जाऊन आली होती. माझ्या हातून काही वेडंवाकडं झालं असेल, तोंडून गेलं असेल तर हलाल कर, माफ कर, असं प्रत्येकाला म्हणाली होती. प्रत्येकाकडे कॉफी पिऊन तिला धडधड सुरू झाली, पण एक घर सोडलं नाही. बॅग भरली ती त्यानंतर. बाकीच्या अठरा जणांनी लगेच माना डोलावल्या, प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी असंच गेलेलं. मग काय करतेस? आता आमच्या हजची पहिली पायरी लुकोव्हो आहे. गावातली बासष्ट घरं, बासष्ट कागदी दारं. प्रत्येक दार उघडतं आणि आत त्या घरचं माणूस असतं.

खालची मोठी फळी बाबा करून देताहेत. रोज कुरकुरतात आणि रोज रंधा मारतात.

तुझं नाव हजच्या यादीत लागलं का? लागलं असेल तर निघण्याआधी इकडे कधी येतेस? पत्रात हा प्रश्न टाळू नकोस, तू टाळतेस हे मला कळतं.

तुझ्या मायेची सवय झालेली,
शेम्सा

*

येसेनित्से,
२४ ऑक्टोबर २००७

चि. शेम्सास अनेक आशीर्वाद.

नाव लागलं. ६ डिसेंबरला इथूनच, ल्युब्लियानाहून, आमचा जथा निघेल. इहरामला पांढरं, थंडीला लोकरीचं, गुडघ्याला पट्टा, सगळी तयारी आहे. सराव म्हणून रोज सकाळी आमच्या इमारतीभोवती सात फेऱ्या घालते. परवा खालच्या मजल्यावरची स्लोव्हेनियन बाई धावत आली आणि किल्ली हरवली का म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, नाही गं, सापडतेय का बघतेय. पोलादाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं हजार माणसांचं सूप ढवळलं तेव्हा पाय दुखले नाहीत, आणि आता सहाव्या फेरीला हा डावा गुडघा आडवा येतो.

तुझी दारं मला आवडली. नेजिराच्या आजीची कॉफीची गोष्टही खरी आहे, मी त्या बाईला ओळखते, ती फुकटची कॉफी कधी सोडायची नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. इकडच्या सगळ्यांकडून माझं हलाल घेऊन झालं. कारखान्यातल्या मैत्रिणी, शेजारी, एक मुकादम होता त्याच्या भांड्यात मी मुद्दाम तळचं करपलेलं वाढायची, त्याच्याकडेसुद्धा जाऊन आले. गावच्या सगळ्यांना तू माझ्या वतीने विचार. आणि तुझ्या बाबालाही विचार. दोन शब्दांचं काम आहे. हो म्हणाला की मला कळव.

येणं जमणार नाही. इतक्या लांबचा बसचा प्रवास आता झेपत नाही.

पोरांना माझे पापे. मलम पुरतंय का?

तुझ्यावर पोटच्या पोरीसारखी माया करणारी,
झुम्राआत्या

*

लुकोव्हो,
४ नोव्हेंबर २००७

ती. आत्यास शेम्साचा सलाम, वि. वि.

मक्केपर्यंत जायला गुडघा तयार आहे आणि लुकोव्होपर्यंत यायला नाही, हे बाबांना वाचून दाखवलं. हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

तू सांगितल्याप्रमाणे विचारलं. त्यांनी रंधा खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाले की हलाल पोस्टाने येत नाही आणि पोरीच्या हातूनही येत नाही. तिला म्हणावं, मी इथेच आहे. एवढं बोलून परत कामाला लागले. पुढे विचारायची माझी छाती झाली नाही.

पण एक गंमत ऐक. दारं चिकटवायच्या दिवशी आमचं घर सुमेयाच्या वाटणीला आलं. सहा वर्षांची चिमुरडी ती. तिने मन लावून दाराला चारही बाजूंनी डिंक फासला आणि दार कायमचं बंद करून टाकलं. बाबा फळी बसवायला आले, तर एकसष्ट दारं उघडताहेत आणि त्यांचंच तेवढं उघडत नाही. पोरं हसायला लागली. बाबा नाही हसले. चाळीस वर्षं दारं करणाऱ्या माणसाला ते सोसवेना. कागद खरवडून काढून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी अक्रोडाच्या लाकडाचं तळहाताएवढं दार घेऊन आले. चौकट, दोन पितळी बिजागऱ्या, कडीसुद्धा. आत मी तुम्हाला काढते, असं सुमेया म्हणाली, तर आतलं माझं मी बघतो म्हणाले. काय केलंय ते मी पाहिलेलं नाही. कडी लावलेली असते आणि पोरं बिचारी त्यांचा मान ठेवून ती काढत नाहीत.

काल प्रदर्शन झालं. मुख्य इमाम चष्मा लावून एकेक पायरी बघत आले. घेवड्याचे हाजी त्यांना फार आवडले. मग दारांपाशी थांबले आणि हजचा हा विधी कुठल्या किताबात आहे, असं विचारलं. नेजिरा म्हणाली, आमच्या आजीच्या. ते रागावले नाहीत, पण समजावून सांगितलं की हलाल मागून निघणं ही आपल्याकडची चांगली रीत आहे, मात्र हजच्या विधींत ती मोजत नाहीत, आणि मुलांच्या डोक्यात गोंधळ नको. त्यांचं बरोबरच आहे. मी शिक्षिका आहे, मला हे आधीच सुचायला हवं होतं. बासष्ट दारं मी फळीवरून सोडवली आणि सफरचंदाच्या खोक्यात ठेवली. आम्हाला तिसरा नंबर आणि रंगपेट्या मिळाल्या. पोरं मात्र परतीच्या बसमध्ये खोकं आळीपाळीने मांडीवर घेऊन बसली होती.

आत्या, त्या दिवशी फाटकापाशी काय झालं ते मी पाहिलंय, तेव्हा सोळा वर्षांची होते. कुणाची बाजू घेत नाही. पण ये.

तुझी,
शेम्सा

*

येसेनित्से,
१० नोव्हेंबर २००७

चि. शेम्सास आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू पाहिलंयस म्हणतेस, तर अर्धंच पाहिलंयस. बसमध्ये एकवीस तास काय झालं ते तू पाहिलं नाहीस. दहा वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत आई गेल्याचा फोन आला तशी मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. सीमेवर बर्फात बस अडकली. ड्रायव्हरच्या हातापाया पडले. मी वाटेत आहे हे तुझ्या बाबाला माहीत होतं, मी स्वतः फोन केला होता. फाटकात पाऊल ठेवलं तेव्हा लोक कबरस्तानातून परत येत होते. आईचा चेहरा मला दिसला नाही. इमामांनी थांबू दिलं नाही म्हणे! मग मी त्याला सगळ्यांदेखत म्हणाले की तुला हलाल नाही, या जगात नाही आणि त्या जगातही नाही. म्हणाले ते म्हणाले.

ते चुकलं हे मला कळत नाही असं समजू नकोस. रोज सात फेऱ्या घालताना तेवढंच एक डोक्यात असतं. असं बोललेलं उरावर घेऊन तिथे उभी कशी राहू? पण चाळीस माणसांपुढे बोलले होते मी, मोजून चाळीस होती, नंतर कित्येक रात्री आठवून आठवून मोजलीत. चाळिसांपुढे बोललेलं चाळिसांपुढेच परत घ्यायला हवं, पाकिटातून नाही, एवढं मलाही समजतं. ती माणसं आता आहेत कुठे? अर्धी वारली, अर्धी परदेशी गेली. रिकाम्या रस्त्यावर उभी राहून कुणाला ऐकवू?

म्हणून येत नाही. आता या विषयावर लिहू नकोस. थंडी पडलीय, छातीला जप.

झुम्राआत्या

*

लुकोव्हो,
१५ नोव्हेंबर २००७

ती. अक्कास हिल्मियाचा सलाम.

पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे. शेम्साने तुझं पत्र वाचायला दिलं. तिच्यावर रागावू नकोस.

जुन्या इमामांनी थांबू दिलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. इमाम म्हणाले होते की लेक वाटेत आहे, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेपर्यंत थांबू. मीच नाही म्हटलं. बाहेरच्या खोलीत आईला तसं निजवलेलं मला बघवत नव्हतं. सकाळपासून तीनदा तिच्या अंगावर पांघरूण घालायला उठलो, तिला थंडी वाजत असेल म्हणून. मग वाटलं, हे आता लवकर संपू दे. दुपारच्या नमाजेनंतर नेलं. तू फाटकात आलीस तेव्हा तिसऱ्या प्रहरची बांग होत होती. मी ती ऐकली, अक्का. थांबलो असतो तर तुला चेहरा दिसला असता.

तू बोललीस ते बरोबर माणसाला बोललीस. उगाच इमाम बदनाम झाले. ते वारले, त्यांच्याकडे हलाल मागायचं राहून गेलं. तुझ्याकडे मागायचं राहू नये.

मागणारा मी आहे, तेव्हा जायला मी पाहिजे. स्लोव्हेनियाच्या व्हिसाचा अर्ज ऑक्टोबरातच केला होता, शेम्साला सांगितलं नाही. त्यांनी जानेवारीची तारीख दिली. तोवर तू जाऊन आलेली असशील. म्हणून तुला ये म्हणतो. माझा हक्क नाही, तरी म्हणतो.

मलम तुझं आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. डबीवरच्या चिठ्ठीत अक्षर तुझं.

हिल्मिया

(याच पाकिटात शेम्साची चिठ्ठी)

आत्या, लिहू नकोस म्हणालीस, म्हणून एवढंच. मी आणि नेजिराच्या आजीने बसून ती चाळीस माणसं आठवली. तेरा वारली. पंधरा ऑस्ट्रिया-जर्मनीत आहेत. बारा इथे आहेत, आणि विचारलं तर येतील. राहता राहिली अठ्ठावीस. त्यांच्या घरांची दारं माझ्याकडे सफरचंदाच्या खोक्यात आहेत, आत पोरं आता ती माणसं काढताहेत. मक्तबाच्या पोरांना विचारलं, तर सगळी यायला तयार आहेत. एकोणीस मुलं आणि अठ्ठावीस दारं म्हणजे नऊ जणांना दोन्ही हातांत एकेक धरावं लागेल. त्यावरून भांडणंही झालीत, कारण दोन सगळ्यांनाच हवी आहेत. रस्ता रिकामा नसेल. शे.

*

(पोस्टकार्ड)
येसेनित्से,
२१ नोव्हेंबर २००७

चि. हिल्मोस आशीर्वाद.

१ डिसेंबरला शनिवारच्या बसने येते. कधी पोचेन ते त्या बसलाच माहीत.

या वेळी थांब.

अक्का

*

मक्का,
२२ डिसेंबर २००७

चि. हिल्मोस अक्काचे अनेक आशीर्वाद.

हज पार पडली. केस कापले, कुर्बानी झाली, गुडघा शाबूत आहे. शेजारच्या पलंगावर त्सेल्ये गावची एक म्हातारी आहे, ती घोरते, आणि सकाळी मी घोरते म्हणून माझी तक्रार करते.

शेम्साला आणि पोरांना सांग की त्यांचं काम चांगलं होतं, पण दोन दुरुस्त्या करायला हव्यात. सफा-मरवा आता उघड्यावर नाहीत, मोठ्या लांबलचक दालनात आहेत, खाली गुळगुळीत फरशी आणि वर पंखे. मला चाकाच्या खुर्चीत बसा म्हणत होते. मी दोरीवरची बाहुली आठवली आणि चालले, सातही वेळा. दुसरं, सैतानाचे खांब त्यांनी मॅकरोनीच्या नळ्यांचे केले होते ना? आता तिथे लांब भिंती आहेत. नेम न धरता मारला तरी खडा लागतो. नेजिराला सांग की घेवड्याचे दाणे मात्र अगदी बरोबर होते. डोंगरावरून पाहिलं तर माणसं तशीच दिसतात.

आता तुझ्यामाझ्यातलं. त्या शनिवारी तू उंबऱ्याकडे बघत उभा होतास, वर मान केलीच नाहीस, म्हणून तुला जे दिसलं नाही ते सांगते. बस पाच तास उशिरा आली. शेम्सा म्हणाली, तू सकाळी आठपासून थांब्यावर होतास आणि जेवायलाही हलला नाहीस. आपण फाटकाशी आलो तर बारा म्हातारीकोतारी माणसं, आणि समोर पोरांची रांग, नाकं थंडीने लाल, हातांत दारं. मी तोंड उघडलं तशी सगळ्यांनी आपापली दारं उघडली. त्यांना तसं सांगितलेलं नव्हतं, शेम्साने नंतर शपथेवर सांगितलं. आत चितारलेली फातिमाकाकू, कोंबडी काखेत घेऊन. ग्राझला गेलेला रागिब सुटकेस घेऊन. आणि जुने इमाम, दाढी पार गुडघ्यापर्यंत. पोरांनी त्यांना कधी पाहिलेलंच नाही, कुणीतरी सांगितलं असेल. हलाल केलं, मी म्हणाले, आणि मलाही हलाल करा. मोठ्याने म्हणाले, कारखान्याच्या खानावळीत हाक मारायचे तशी. तू काय पुटपुटलास ते मला ऐकू आलं नाही. पोरांना आलं. सुमेयाने मला येऊन सांगितलं की तेपण हो म्हणाले.

ती दुसऱ्या हातात तुझं लाकडी दार घेऊन अगदी शेवटी उभी होती. तिने ते माझ्या हातात दिलं आणि मी कडी काढली. मला वाटलं होतं की तू तरी असशील किंवा आई. आत बस होती. सुताराच्या पेन्सिलीने आखलेली, चाकं कंपासने काढलेली, सहा खिडक्या, टपावर बर्फ, आणि तिसऱ्या खिडकीत रुमाल बांधलेली बाई. हिल्मो, मी दहा वर्षं समजत होते की त्या बसमध्ये मी एकटीच बसलेय.

ते दार मी मागून घेतलं. इथे माझ्या पिशवीत आहे, औषधांच्या डब्यांशेजारी.

अरफातच्या दिवशी आमचा जथा सकाळीच निघाला, पण वाटेत बसचं इंजिन बंद पडलं आणि पुढे-मागे वाहनांची मुंगीही शिरणार नाही अशी गर्दी. अरफात चुकलं तर हजच चुकली, हे मक्तबातल्या पोरांनाही ठाऊक आहे. दुपारची नमाज रस्त्यातच झाली. बायका रडायला लागल्या, त्सेल्येची म्हातारी ड्रायव्हरच्या हातापाया पडू लागली. मी उठून तिला जागेवर बसवलं, पाणी दिलं. घाबरू नका, संध्याकाळपर्यंत वेळ आहे, असं सगळ्यांना सांगत सुटले. तू इतकी निवांत कशी म्हणून मला विचारत होत्या. मी निवांत कुठली? तिसऱ्या खिडकीशी बसून हातातल्या दाराची कडी काढत होते, लावत होते. आईला म्हटलं, थांब गं, आलेच.

मग इंजिन लागलं. आम्ही उतरलो, मी त्या मातीवर पाऊल ठेवलं आणि तिसऱ्या प्रहरची बांग झाली. सगळ्यात आधी आईसाठी मागितलं, मग तुझ्यासाठी, मग जुन्या इमामांसाठी.

हिल्मो, बस वेळेत पोचली.

तुझी,
अक्का